विंडोज नव्याने टाकायचंय? फॉरमॅट मारायच्या आधी वाचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्यांच्या, सोसायटीतल्या लोकांच्या आणि ओळखीच्या दोन-चार दुकानदारांच्या मशीन मी गेली काही वर्षं नव्याने लावून देते, त्यामुळे "ताई फॉरमॅट मारायचाय, काय काय करू" असा मेसेज सतत येत असतो. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाचे इथे लिहून ठेवलेत. सगळं विंडोज १० आणि ११ बद्दल आहे. एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ येतो म्हणून नंबर दिलेत. घाईत असाल तर बाकी राहू द्या पण ४ आणि ५ नक्की वाचा, कारण विंडोज टाकणं हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि लोकांचं नुकसान होतं ते त्याच्या आधी काय राहून गेलं त्यामुळे.

१. फॉरमॅट मारणं, रिसेट करणं आणि क्लीन इन्स्टॉल, हे सगळं एकच का?

बोलताना आपण सगळ्यालाच फॉरमॅट म्हणतो पण तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्यात सौम्य म्हणजे विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग रिकव्हरी, तिथे विंडोज अपडेट वापरून दुरुस्त करायचा पर्याय असतो, त्यात विंडोजच्या फाइली नव्याने येतात आणि तुमच्या फाइली, सॉफ्टवेअर, सेटिंग सगळं जागच्या जागी राहतं. त्याच पानावर रिसेट आहे, त्यात सॉफ्टवेअर जातात पण "माझ्या फाइल्स ठेवा" निवडलं तर फाइली राहतात. आणि क्लीन इन्स्टॉल म्हणजे पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून जुनं विंडोज पुसायचं आणि कोरं टाकायचं. मशीन नुसती विचित्र वागत असेल, अपडेट अडकत असतील तर आधी पहिला उपाय करून बघा. व्हायरस शिरला असेल, विंडोज उघडतच नसेल, किंवा सेकंडहँड मशीन घेतली असेल तर सरळ क्लीन इन्स्टॉल.

२. लॅपटॉप खूप स्लो झालाय. फॉरमॅट मारला तर फास्ट होईल ना?

आधी एक बघा, टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा, तिथे एचडीडी (जुनी फिरती हार्डडिस्क) लिहिलंय का एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) ते दिसतं. एचडीडी असेल आणि डिस्कचा आकडा काही न करता १०० टक्क्यांवर चिकटून असेल तर नवीन विंडोज टाकून आठ-पंधरा दिवस बरं वाटेल आणि परत ये रे माझ्या मागल्या. अशा मशीनला एसएसडी बसवा आणि तेव्हाच त्या कोऱ्या एसएसडीवर विंडोज टाका, जुनी डिस्क तशीच बाजूला काढून ठेवली की तोच तुमचा बॅकअप. रॅम ४ जीबी असेल तर ती ८ करून घ्या. एसएसडी आधीच आहे आणि तरी स्लो आहे, स्टार्टअपला वीस गोष्टी उघडतायत, दोन-दोन अँटिव्हायरस बसलेत, अशा वेळी मात्र क्लीन इन्स्टॉलने खरंच फरक पडतो.

३. मशीन जुनी आहे. १० टाकू का ११?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे ते बंद पडत नाही, पण सिक्युरिटी अपडेट येत नाहीत. घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव मुदत आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पण त्यासाठी सेटिंग्जच्या विंडोज अपडेटमधून वेगळी नोंदणी करावी लागते, आपोआप मिळत नाही. १० च टाकलंत तर ही नोंदणी विसरू नका.

११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय), सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टिम सुरू होऊ देणारं सेटिंग), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि साधारण इंटेल आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. बऱ्याच असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये टीपीएम असतं पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) बंद असतं, इंटेलमध्ये त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीत एफटीपीएम, ते चालू केलं की काम होतं. रूफस नावाच्या टूलने ही तपासणी टाळून ११ टाकता येतं, मीही एक-दोन मशीनवर केलंय, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, त्यामुळे ज्या मशीनवर बँकेची किंवा धंद्याची कामं चालतात तिच्यावर करू नका. फक्त ब्राउझर आणि गाणी एवढंच वापरणाऱ्या दहा-बारा वर्षं जुन्या मशीनला लिनक्स मिंट (विंडोजऐवजी टाकायची फुकट सिस्टिम) छान चालतं.

४. बॅकअप नक्की कशाकशाचा घ्यायचा? मी सगळं डेस्कटॉपवरच ठेवते.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळं सी ड्राइव्हमध्येच असतं, सी गेला की ते गेलं. तेव्हा सीमधल्या युजर्स फोल्डरमधलं तुमच्या नावाचं अख्खं फोल्डर उचलून बाहेरच्या हार्डडिस्कवर टाका, निवडत बसू नका. त्यानंतर सी ड्राइव्ह उघडून अगदी वरच्या पातळीवर कुठली फोल्डर आहेत ती एकेक उघडून बघा.

हे शेवटचं वाक्य मी शिकले ते फार वाईट पद्धतीने. माझे आतोबा पेटी वाजवायचे आणि शेवटची दोन वर्षं ते घरीच लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवायचे. ते गेल्यावर आत्याचा तोच लॅपटॉप बिघडला, मी डेस्कटॉपपासून फोटोंपर्यंत सगळं घेतलं, दोनदा तपासलं आणि विंडोज टाकलं. त्यांचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फाइली सरळ सी ड्राइव्हमध्ये स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवत होतं, तिकडे मी बघितलंच नव्हतं. आत्या मला एका शब्दाने बोलली नाही. तेव्हापासून मी मशीनच्या मालकाला शेजारी बसवून विचारते की या मशीनवर काय काय काम करता, रोजचं सांगा, वर्षातून एकदाचं पण सांगा, आणि प्रत्येक कामाची फाइल कुठे पडते ते दोघं मिळून बघतो.

हमखास राहून जातात त्या गोष्टी: आउटलुकची पीएसटी फाइल (त्यात ईमेल असतात), ब्राउझरचे पासवर्ड आणि बुकमार्क (क्रोममध्ये सिंक चालू आहे ना ते बघा, नुसतं लॉगिन दिसतं म्हणून समाधान मानू नका), स्टिकी नोट्स, स्कॅनर ज्या फोल्डरमध्ये टाकतो ते फोल्डर, आणि टॅलीचा डेटा, त्याचं ८ मध्ये सविस्तर लिहिलंय. वनड्राइव्ह वापरत असाल तर ज्या फाइलींवर ढगाचं चिन्ह असतं त्या मशीनवर नसतातच, त्या खात्यात असतात, तेव्हा खात्याचा पासवर्ड आठवतोय ना ते आधी बघा. फुकटची जागा ५ जीबी आहे, ती भरली की पुढच्या फाइली वर जायच्या थांबतात आणि ते चटकन लक्षात येत नाही.

बॅकअप झाला की ती हार्डडिस्क दुसऱ्या कुठल्यातरी मशीनला लावून चार-पाच फाइली उघडून बघायच्या. उघडल्या तरच बॅकअप झाला म्हणायचं.

५. माझ्याकडे बिटलॉकर वगैरे काही नाही, मी कधी लावलंच नाही. तरी बघायला पाहिजे का?

हो, पाहिजेच. बिटलॉकर म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, डिव्हाइस एन्क्रिप्शन हे त्याचंच साधं रूप. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, आणि ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर नव्याने टाकलेल्या मशीनवरही होतं. ते नुसत्या सीला नाही, आतल्या डी ड्राइव्हलाही लागतं. मग तुम्ही डीला हात न लावता फक्त सी पुसून विंडोज टाकता आणि नंतर डी उघडायला गेलं की तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर तो डेटा कुणीही काढून देऊ शकत नाही, दुकानदारही नाही.

म्हणून आधी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे डिव्हाइस एन्क्रिप्शन बघा. चालू असेल तर बंद करा आणि पूर्ण उलगडेपर्यंत थांबा, मोठ्या डिस्कला बराच वेळ लागतो. प्रो आवृत्ती असेल तर कंट्रोल पॅनेलमधलं बिटलॉकरचं पान पण बघा. विंडोज उघडतच नसेल तर फोनवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून डिव्हाइसच्या यादीत रिकव्हरी की मिळते का बघा, आणि मिळाली की कागदावर उतरवून घ्या. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की ऑफिसच्या आयटीवाल्यांकडे असते, खरंतर तो लॅपटॉप त्यांना न विचारता पुसूच नये.

६. माझ्याकडे विंडोजची की नाहीये, डबा पण फेकून दिला. परत विकत घ्यावं लागेल का?

विंडोजसकट घेतलेला ब्रँडेड लॅपटॉप असेल तर नाही. विंडोज ८ च्या काळापासून की मदरबोर्डमध्येच लिहिलेली असते, सेटअप ती स्वतः वाचतो. आणि एकदा मूळ विंडोज १० किंवा ११ ॲक्टिव्हेट झालेलं मशीन मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला माहीत असतं, त्यामुळे कीचं पान आलंच तर "माझ्याकडे की नाही" निवडून पुढे जा, इंटरनेट लागलं की ॲक्टिव्हेट होतं. अट एकच, तीच आवृत्ती टाकायची. आपल्याकडच्या लॅपटॉपवर बऱ्याचदा होम सिंगल लँग्वेज असतं, लोक प्रो निवडतात आणि मग ॲक्टिव्हेट होत नाही. आत्ताच सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानाचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. जुन्या विंडोज ७ किंवा ८ च्या कीने १० किंवा ११ नव्याने ॲक्टिव्हेट करायची सोय मात्र सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली, पण त्याआधी जे मशीन अपग्रेड झालं त्याचं लायसन्स चालूच आहे.

७. लॅपटॉपबरोबर ऑफिस फुकट आलं होतं, ते जाईल का?

ते ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलं असेल त्या खात्यात राहतं. नवीन विंडोजवर त्याच खात्याने लॉगिन करून खात्याच्या पानावरून ऑफिस परत उतरवायचं. अडचण अशी की लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलाने त्याच्याच मनाने एक ईमेल बनवून ऑफिस चालू करून दिलेलं असतं आणि तो ईमेल कुणालाच आठवत नाही. म्हणून वर्ड उघडून फाइल, मग अकाउंट, तिथे कुठलं खातं दिसतंय ते फॉरमॅटच्या आधी बघा आणि पासवर्ड आठवत नसेल तर आत्ताच रिकव्हर करा.

८. टॅली आणि डिजिटल सिग्नेचरचं काय करायचं? सीए विचारतायत.

टॅलीत दोन कामं. डेटा फोल्डरचा बॅकअप, त्याची जागा टॅलीच्या आतच कंपनी निवडायच्या पानावर दिसते, टॅलीप्राइममध्ये सहसा युजर्समधल्या पब्लिक फोल्डरच्या आत असते, म्हणजे तुमच्या नावाचं फोल्डर घेऊन ते येत नाही. आणि दुसरं, लायसन्स सरेंडर करा, म्हणजे या मशीनवरून सोडवून घ्या. न करता मशीन पुसली तर नंतर लायसन्स परत चालू करताना डोकेदुखी होते. मार्चअखेर किंवा रिटर्नच्या तारखेच्या तोंडावर हे काम काढूच नका.

डिजिटल सिग्नेचर यूएसबी टोकनच्या आत असते, मशीन पुसल्याने तिला काही होत नाही. नवीन विंडोजवर टोकनचा ड्रायव्हर (विंडोजला ते ओळखता येण्यासाठीचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटी पोर्टलसाठीचं ईएमसाइनर परत टाकावं लागतं. टोकनचा पासवर्ड मात्र माहीत पाहिजे, तो अंदाजाने सारखा सारखा टाकत बसलात तर टोकन लॉक होतं.

९. मराठी टायपिंग आणि माझे जुने फॉन्ट परत कसे मिळतील?

युनिकोड मराठीसाठी (मोबाइलवर लिहितो ती) काहीच जपायला नको. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेजमध्ये मराठी भाषा जोडा, आणि कीबोर्डमध्ये मराठी फोनेटिक निवडा, २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून तो आतच येतो, "namaskar" असं इंग्रजी अक्षरांनी लिहायची सवय असलेल्यांना तोच बरा पडतो, इन्स्क्रिप्टवाल्यांनी नुसता मराठी कीबोर्ड ठेवा. विंडोज आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते.

काळजी घ्यायची ती जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टची, श्रीलिपी, कृतीदेव, सुरेख, योगेश वगैरे. डीटीपीवाले, पत्रिका छापणारे, शाळांचे जुने पेपर ज्यांच्याकडे आहेत त्यांनी सीमधल्या विंडोज फोल्डरातलं फॉन्ट्स उघडून लागणारे फॉन्ट कॉपी करून घ्या. तो नेमका फॉन्ट नसेल तर वीस वर्षांची फाइल उघडते पण अगम्य चिन्हं दिसतात, आणि त्याच नावाचा दुसरा फॉन्ट टाकला तरी एखादं जोडाक्षर वेगळंच येतं. डाँगलवालं (यूएसबीत किल्ली लावल्यावरच चालणारं) सॉफ्टवेअर असेल तर डाँगल आणि त्याची इन्स्टॉलर फाइल दोन्ही हातात असल्याशिवाय सुरुवात करू नका.

१०. पेनड्राइव्ह कसा बनवायचा, आणि माझं मशीन बंद असेल तर?

८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या, त्यातलं सगळं पुसलं जातं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवायचं, ते स्वतःच सगळं करतं. पाच-सहा जीबी डेटा लागतो, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करायचं तर दिवसाचा कोटा बघून घ्या. स्वतःचं मशीन बंद असेल तर मित्राच्या मशीनवर बनवा, त्याच्या विंडोजला काही होत नाही. आयएसओ फाइल (विंडोजची अख्खी डिस्क एका फाइलीत) नुसती पेनड्राइव्हवर कॉपी केली तर बूट होत नाही, म्हणजे मशीन त्यावरून चालू होत नाही, आणि त्यातलं उघडून टाकायला गेलात तर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असते जी फॅट३२ पेनड्राइव्हवर मावत नाही, म्हणून टूलनेच करा. आणि कुठूनतरी मिळालेलं "मॉडिफाइड, गेमिंग, लाइट" विंडोज टाकू नका, त्यात कुणी काय काढलंय आणि काय घातलंय ते आपल्याला कळायला मार्ग नाही.

११. पेनड्राइव्ह लावला तरी जुनंच विंडोज उघडतं.

बूट मेनूमधून पेनड्राइव्ह निवडावा लागतो. एचपीमध्ये एस्केप दाबून मग एफ९, डेल आणि लेनोव्होमध्ये एफ१२, लेनोव्होच्या काही आयडियापॅडला बाजूला टाचणीने दाबायचं बारीक भोक असतं ते नोव्हो बटण, एसुसच्या लॅपटॉपला एस्केप, एमएसआयच्या बोर्डला एफ११, गिगाबाइटला एफ१२. एसरमध्ये एफ१२ चा मेनू बऱ्याचदा बंद असतो, आधी एफ२ ने बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. मशीन शटडाउन करून चालू करण्यापेक्षा रिस्टार्ट करा, फास्ट स्टार्टअपमुळे कधीकधी बटण दाबलेलं लागतच नाही. विंडोज चालू होत असेल तर सोपा रस्ता म्हणजे शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट, आणि निळ्या पडद्यावर "डिव्हाइस वापरा" निवडा.

१२. "सगळं पुसलं जाईल" असं टिकमार्क करायला सांगतंय! डी ड्राइव्ह पण जाणार का?

हा मेसेज ११ च्या नव्या सेटअपमध्ये येतो आणि लोक घाबरून तिथेच मला फोन करतात. ती नुसती संमती आहे, डिस्क निवडायचं पान पुढे येतं आणि काय पुसायचं ते तिथे तुम्हीच ठरवता.

त्या पानावर सी, डी अशी अक्षरं दिसत नाहीत, आकार दिसतात. म्हणून आधीच विंडोजमध्ये सी किती जीबीचा, डी किती जीबीचा ते लिहून ठेवा, दोन्ही सारख्या आकाराचे असतील तर डीला "डेटा" असं नाव देऊन ठेवा. एकच डिस्क आहे आणि त्यावर डीही आहे, तर सीचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) निवडून फक्त ते फॉरमॅट करा आणि त्यावरच टाका, १०० एमबीचं सिस्टिम आणि शेवटचं रिकव्हरी पार्टिशन राहू दे. डिस्कवर राखायचं काहीच नाही तर सगळी पार्टिशन एकेक डिलीट करा, रिकामी जागा एकच दिसली की नेक्स्ट, बाकीचं सेटअप स्वतः बनवतो. खात्री वाटत नसेल तर त्या पानावरून बाहेर पडा, डिलीट किंवा फॉरमॅट दाबलं नसेल तर मशीन बंद केली तरी काहीच बदललेलं नसतं.

आणि फॉरमॅट न करताच पुढे गेलात तर जुन्या फाइली विंडोज.ओल्ड नावाच्या फोल्डरात जातात. साधारण दहा दिवसांनी विंडोज ते आपोआप साफ करतं, त्यामुळे त्यातून काही काढायचं असेल तर लगेच काढा.

१३. सेटअपमध्ये एकही डिस्क दिसत नाही, यादी रिकामी आहे. एसएसडी मेली का?

बहुतेक नाही. इंटेल अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (डिस्क सांभाळायची इंटेलची सोय) चालू असतं आणि सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, उलगडून पेनड्राइव्हवर एका फोल्डरात टाका, आणि सेटअपमध्ये "लोड ड्रायव्हर" दाबून ते फोल्डर दाखवा, डिस्क लगेच दिसते. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही दिसते. बायोसमध्येच डिस्क दिसत नसेल तर मात्र हार्डवेअर बघायला पाहिजे.

१४. "या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही, जीपीटी" असं काहीतरी येतं.

पेनड्राइव्ह जुन्या लेगसी पद्धतीने बूट झालाय आणि डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची आहे. बूट मेनूमध्ये एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, त्यातला यूईएफआय लिहिलेला निवडा. उलटं असेल, म्हणजे एमबीआर (डिस्कची जुनी पद्धत) म्हणून तक्रार करत असेल, तर अख्खी डिस्क कोरी करून टाकणं सोपं, पण तिच्यावर डी असेल तर आधी डीचा बॅकअप पाहिजेच.

१५. माझ्याकडे एसएसडी आणि हार्डडिस्क दोन्ही आहेत. काही वेगळं करायचं का?

डेस्कटॉप असेल तर हार्डडिस्कची केबल काढून ठेवा आणि झाल्यावर लावा. चुकीची डिस्क पुसायची भीती राहत नाही, आणि दुसरं म्हणजे विंडोज एसएसडीवर आणि बूटचं पार्टिशन हार्डडिस्कवर असं कधीकधी होतं, मग दोन वर्षांनी हार्डडिस्क गेली की धडधाकट एसएसडीवरचं विंडोजही उघडत नाही.

१६. रिस्टार्ट झालं की परत पहिल्यापासून भाषा विचारतंय. आणि मध्येच लाइट गेली तर?

पहिल्या रिस्टार्टला पेनड्राइव्ह काढून घ्या, मशीन परत त्याच्यावरूनच सुरू होतेय. लाइट गेली तर मशीन खराब होत नाही, पेनड्राइव्ह लावून पुन्हा पहिल्यापासून करायचं एवढंच. बायोस अपडेट करताना मात्र लाइट गेली तर बोर्डच जाऊ शकतो, तेव्हा ते काम यूपीएसशिवाय नको आणि लॅपटॉपला चार्जर लावल्याशिवाय नको.

१७. इंटरनेट मागतंय पण वायफायच दिसत नाही, पुढे जाता येत नाही.

वायफायचा ड्रायव्हर नाहीये. अँड्रॉइड फोन केबलने लावा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक मशीन ते लगेच ओळखतात आणि सेटअप पुढे जातो. राउटरची लॅन केबल असेल तर तीही चालते. नव्या सेटअपमध्ये त्याच पानावर ड्रायव्हर टाकायचं बटण असतं. इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं टाळायच्या जुन्या युक्त्या मायक्रोसॉफ्ट एकेक करून बंद करतंय, त्यामुळे वायफायचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर ठेवणं उत्तम.

१८. विंडोज पडलं, आता सगळ्यात आधी काय?

विंडोज अपडेट लावा आणि "नवीन काही नाही" म्हणेपर्यंत दोन-तीनदा रिस्टार्ट करा, निम्म्याहून जास्त ड्रायव्हर त्यातूनच येतात. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह उरलंय का बघा, उरलं तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घ्या, ड्रायव्हर शोधून देणारी सॉफ्टवेअर नकोत. अँटिव्हायरस वेगळा लागत नाही, आतला डिफेंडर पुरतो. प्रिंटरला ६४ बिटचा ड्रायव्हर लागेल, कॅननचा २९०० अजून बऱ्याच दुकानांत दिसतो, तो यावर चालतो. मग बॅकअप परत आणा, पण बॅकअपची हार्डडिस्क महिनाभर तरी रिकामी करू नका, काहीतरी राहिलेलं आठवतंच.

१९. ॲक्टिव्हेट होत नाहीये. दुकानदार म्हणतो क्रॅक मारून देतो.

आधी आवृत्ती तपासा (६ बघा). मदरबोर्ड बदलला असेल तर ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूटमध्ये "नुकतंच हार्डवेअर बदललं" असा पर्याय येतो, तो चालायला जुनं लायसन्स आधी मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं लागतं. लॅपटॉपबरोबर आलेलं लायसन्स त्या मशीनपुरतंच असतं, वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स दुसऱ्या मशीनवर नेता येतं.

क्रॅक नको. ते चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात आणि मग अनोळखी प्रोग्रामला मशीनचे सगळे हक्क देतात, त्याच मशीनवर तुम्ही नेटबँकिंग करता. ॲक्टिव्हेट न केलेलं विंडोजही चालतं, कोपऱ्यात पाटी दिसते आणि वॉलपेपर वगैरे बदलता येत नाही, तितके दिवस तसंच वापरा आणि पैसे जमले की घ्या.

२०. विंडोजच्या शेजारी उबंटू (लिनक्स) आहे, ते उडेल का?

त्याचं पार्टिशन पुसलं नाहीत तर ते जागेवर असतं, फक्त विंडोज स्वतःला बूटमध्ये पहिलं करून घेतं म्हणून उबंटू गेल्यासारखं वाटतं. बायोसच्या बूट क्रमात उबंटू दिसत असेल तर वर आणा. १०० एमबीचं सिस्टिम पार्टिशन डिलीट केलं असेल तर ते दिसणार नाही, मग उबंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट-रिपेअर चालवावं लागतं. ज्यांच्याकडे दोन सिस्टिम आहेत त्यांनी १२ मधला "सगळी पार्टिशन डिलीट" वाला भाग विसरून जा.

२१. दुकानात फॉक्सप्रोचं जुनं बिलिंग आहे, नव्या विंडोजवर उघडतच नाही.

डॉसमधलं फॉक्सप्रो १६ बिटचं आहे आणि ६४ बिट विंडोजवर ते थेट चालत नाही, विंडोज ११ तर ६४ बिटमध्येच येतं. तुमचं आत्तापर्यंत चालत होतं म्हणजे मशीनवर ३२ बिट विंडोज होतं. डॉसबॉक्स किंवा व्हीडॉसमध्ये (जुने डॉसचे प्रोग्राम चालवणारी सॉफ्टवेअर) चालवता येतं, प्रिंटिंगला मात्र खटपट करावी लागते. तेव्हा अशा मशीनला हात लावायच्या आधी दुसऱ्या ६४ बिट मशीनवर अख्खं फोल्डर कॉपी करून बिल निघतंय का बघा. निघालं तरच पुढे जा.

२२. चुकून डी पण पुसला गेला. काही करता येईल का?

मशीन आत्ता बंद करा. त्या डिस्कवर एक फाइलही लिहू नका, रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा तिच्यावर टाकू नका. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा, नुसतं पार्टिशन डिलीट झालं असेल तर टेस्टडिस्क नावाचं सॉफ्टवेअर ते बऱ्याचदा जसंच्या तसं परत आणतं. हार्डडिस्क असेल तर आशा चांगली आहे. एसएसडीचं गणित वेगळं, फॉरमॅट झालं की विंडोज एसएसडीला ट्रिमचा हुकूम देतं आणि ती रिकाम्या झालेल्या जागा आतून खरंच साफ करून टाकते, मग सॉफ्टवेअरला नुसती शून्यं दिसतात. आतोबांच्या रेकॉर्डिंगचं तेच झालं, मी तीन दिवस प्रयत्न केला, फाइलींची नावं सुद्धा आली नाहीत. फार मोलाचा डेटा असेल तर स्वतः काही न करता डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, आणि किती मिळेल ते लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

२३. लॅपटॉप विकायचाय. नवीन विंडोज टाकून दिलं की झालं ना?

हार्डडिस्कवर नुसतं फॉरमॅट पुरत नाही, २२ मध्ये जे आपल्याला परत मिळू शकतं ते घेणाऱ्यालाही मिळू शकतं. रिसेट करताना "सगळं काढा" आणि मग सेटिंग बदलून "ड्राइव्ह साफ करा" चालू करा, वेळ लागतो, रात्रभर लावून ठेवा. एसएसडीसाठी बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्येच सिक्युअर इरेज असतं, ते चांगलं. त्याआधी टॅलीसारखी लायसन्सं सरेंडर करा, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याच्या डिव्हाइस यादीतून हे मशीन काढून टाका. पहिलं खातं विचारायच्या पानावर मशीन बंद करून तशीच द्या, नवीन मालक स्वतःचं नाव टाकेल.